गिरजाला बघायला पाहुणे आले

रविवारी गिरजाला बघायला पाहुणे येणार होते.

वय त्रेपन्न, घरात सून, समोर सोलायला वालाच्या शेंगांचा ढीग, आणि या वयात बाईला बघायला माणसं येणार. गुरुवारी कोंडूनं ही बातमी सांगितली तेव्हा गिरजाला आधी वाटलं, नवरा थट्टा करतोय. पण कोंडू निमसे थट्टेतला माणूस नव्हे. भातसानगरला धरणाच्या दरवाजांवर तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला. पाण्याची पातळी कळवावी तशी तो सगळीच बातमी कळवायचा.

"जयराम येणार हाय मुरबाडवरनं. त्याची बायको नि पोरगी."

"कशाला?"

"तुला बघायला."

"मला? मी काय लग्नाची हाय?"

"तसं नाय गो. किडनी दिल्यावर माणूस कसा ऱ्हातो, ते बघायचंय त्यांना."

जयराम रोकडे हा कोंडूचा धरणावरचा जुना जोडीदार. त्याचा मुलगा अनिकेत सत्तावीस वर्षांचा, दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा कल्याणला डायलिसिसला जायचा. त्याच्या आईची, येसूबाईची किडनी त्याला जुळत होती. मुंबईच्या डॉक्टरांनी तिला वरपासून खालपर्यंत तपासून होकारही दिला होता. अडून बसला होता तो जयराम. पोराला वाचवायला जाऊन बायको अंथरुणाला खिळली तर, या एका वाक्यावर तो दोन महिने बसून होता. डॉक्टर सांगतात ते सांगतातच, डोळ्यानं बघितलेलं माणूस वेगळं, असं त्याचं म्हणणं. आणि डोळ्यानं बघण्याजोगं त्याच्या ओळखीत एकच माणूस होतं. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याला किडनी दिलेली गिरजा.

"म्हंजे त्या पोराचं माझ्यावर ठरणार?"

"तुझ्यावरच," कोंडू म्हणाला. "जयराम बोलला, वैनीला एकदा बघतो, मग काय ते."

गिरजानं शेंग मधोमध मोडली. बोलायचं खूप होतं, पण कोंडूच्या गोळीची, म्हणजे बसवलेली किडनी टिकवायच्या औषधाची, वेळ झाली होती. सकाळी आठ, रात्री आठ. मोबाइल कोंबड्यासारखा आरवायचा, आणि घरातला प्रत्येक माणूस हातातलं टाकून कोंडूकडे बघायचा.

हे अकरा वर्षं चाललं होतं. दर तीन महिन्यांनी कोंडूची मुंबईला तारीख. त्याची फाइल तीन बोटं जाड. ती फाइल गिरजा काखेत धरून न्यायची, रांगेत उभी राहायची, डॉक्टरांच्या खोलीत कोंडूच्या मागे उभी राहून त्याला विसरायला झालेलं सगळं सांगायची. कोंडूचं क्रिएटिनिन किती, हे तर अख्ख्या गावाला ठाऊक. क्रिएटिनिन म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा. खर्डीच्या बाजारातही त्याला लोक विचारत, "काय कोंडूशेठ, कितीवर हाय?" जसा काही कांद्याचा भाव.

गिरजाचा आकडा कुणाला ठाऊक नव्हता. किडनी देऊन ती घरी आली तेव्हा तिलाही एक कागद दिला होता. दर वर्षी रक्तदाब, रक्त, लघवी तपासून घ्या. पहिल्या वर्षी तपासलं. दुसऱ्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी ज्ञानेश्वरचं, म्हणजे मुलाचं लग्न निघालं, आणि तो कागद कोंडूच्या फाइलीत कुठंतरी तळाला गेला. कुणी नको म्हटलं नाही. राहून गेलं, एवढंच.

बरं, तपासलं नाही तर नाही, निदान तिला तिच्या वाटेनं जगू द्यावं. तेही नाही. किडनी गेली त्या दिवसापासून गाव तिची काळजी घ्यायला लागलं, आणि काळजी कशाची तर कशाचीही. वांगं खाऊ नको. टमाट्याच्या बिया अडकतात. मोटारसायकलवर मागं बसू नको, उरलेली हलेल. डाव्या कुशीवर झोपू नको, भार येल. बसली तर म्हणायचे, थकली बिचारी, एकच हाय ना. काम केलं तर म्हणायचे, बघा, एक असून कशी करते. शेजारची लहानी तर दिसेल तिथं "कशी हायेस गो" असं अशा आवाजात विचारायची की गिरजाला आपलीच तिरडी दिसायची.

"मी माणूस हाय का किडनी ठेवायची पिशवी?" एकदा तिनं लहानीला विचारलंच.

"अगो, काळजीनं विचारतो," लहानी म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत गावात झालं की गिरजा हल्ली चिडचिड करते, एकच आहे ना.

पण सगळ्यांत मोठा वैताग पाण्याचा. तो खास कोंडूचा शोध. धरणावरचा माणूस, त्यानं किडनी धरणाच्या हिशेबानं समजून घेतली होती. दोन दरवाजे असले तर पाणी कितीही येऊ दे, सोडता येतं. एकच दरवाजा उरला तर धरणात पाणी कमीच घ्यायचं, नाहीतर दरवाजावर दाब येतो. गिरजाला त्यानं दिवसाला दोन तांबे ठरवून दिले होते. स्वतः मात्र डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीन बाटल्या प्यायचा. त्याचीही एकच होती, पण ती नवी बसवलेली, असं त्याचं उत्तर. शेतातल्या बायकांनीही हे ऐकलेलं. गिरजानं तिसऱ्यांदा कळशीला हात लावला की कुणीतरी म्हणायचंच, "पुरे गो, दाब येल." भर उन्हात, भारे बांधताना, ओठ सुकलेले असताना. आणि हीच बायकामाणसं भाताच्या आवणीला नि कापणीला सकाळी चहाबरोबर दुकानातली दुखण्याची गोळी घ्यायची, दिवसभर वाकून कंबर धरू नये म्हणून. गिरजाही घ्यायची. त्या गोळीला कधी कुणी अडवलं नाही. गोळी म्हणजे औषध, औषध वाईट कसं असेल?

शनिवारी सून अनिता कपाट उघडून बसली.

"आई, उद्या ती निळी नेसा. निळीत उजळ दिसता. पिवळीत जरा आजारी वाटता."

"जोगवा मागायला नाय जायचंय मला."

"तसं नाय, पण बघायला येणार ना," अनिता म्हणाली, आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून हसली. "पोहे करू का कांद्याचे?"

कोंडूनं दारातून सूचना दिली. "उद्या खोकू नको."

"आला तर?"

"गिळायचा. नि काय विचारलं तर सगळं ठीक हाय, एवढंच. पोराच्या जिवाचा प्रश्न हाय."

पाहुणे एसटीनं शहापूरला आणि तिथून टमटमनं आले. जयराम पुढं, मागं येसूबाई, तिच्या मागं मुलगी संघरत्ना. ती मुरबाडला पतपेढीत कामाला होती. खांद्याला पिशवी, पिशवीत वही. "जय भीम", "राम राम" झालं, पाणी झालं, आणि जयराम खुर्चीवर बसून गिरजाकडे जो बघायला लागला तो बैलबाजारात बघतात तसा, पायापासून वर.

"वैनी, जिना चढता येतो?"

"आमच्या घराला जिना नाय, भावजी."

"नाय, म्हंजे चढायला लागला तर."

"चढते की," कोंडू म्हणाला. "मागच्या साली गडावर देवीला गेली व्हती."

"भूक लागते?"

"दोन भाकऱ्या," कोंडू म्हणाला.

"झोप?"

"पडली की घोरते."

गिरजा पाटावर गप्प. बोलणी चाललेली असताना मुलीनं मधे बोलू नये, तसं. समोर येसूबाईही गप्प, कपातल्या चहाकडे बघत. एकीची किडनी दिलेली, एकीची द्यायची, आणि दोघींच्या किडन्यांबद्दल दोन पुरुष बोलत होते. तेवढ्यात लहानी वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं आत आली आणि उभ्या उभ्या साक्ष देऊन गेली. "अवो, काय बघताय, परवा हिनं वालाचं एवढं गाठोडं डोक्यावरनं आणलं." एरवी गाठोडं दिसलं की ओरडणारा कोंडू आज मान हलवत होता. मग जयरामच्या सांगण्यावरून गिरजाला अंगणात भरलेली कळशी उचलून दाखवावी लागली. तिनं ती उचलली, कमरेवर घेतली, आणि मनात म्हणाली, आता गाणं म्हणायला सांगितलं की ही इथंच आपटते.

आत आल्यावर संघरत्नानं वही उघडली.

"मावशी, तुमचं शेवटचं क्रिएटिनिन किती होतं?"

"एक पॉइंट तीन," कोंडू म्हणाला. "डिसेंबरला."

"काका, ते तुमचं. मावशींचं?"

कोंडूनं फाइल ओढली. पानं उलटली. पुन्हा मागून पुढं उलटली. गिरजाला त्याचे अकरा वर्षांचे आकडे पाठ होते, कधी वर गेले, कधी कुठली गोळी बदलली, सगळं. स्वतःचा एकही आठवेना.

"बीपी कधी बघितलंत?"

गिरजानं कोंडूच्या हातातल्या फाइलीकडे बघितलं.

"अगो बाळा, समोर बसलीय की," कोंडू म्हणाला. "सगळं ठीक हाय."

"तेच तर," जयरामनं मांडीवर थाप मारली. त्याचा चेहरा दोन महिन्यांनी मोकळा झालेला दिसत होता. "डोळ्याम्होरं हाय. मी आता उद्याच हॉस्पिटलला फोन लावतो. येसू, झालं बघ, वैनीला काय धाड भरलीय?"

देवघरात सकाळची समई अजून जळत होती. गिरजाचं बसणं तिच्या समोरच आलं होतं. एक शब्द बोलायचा होता, हो. तो बोलला की एका पोराचा जीव सोपा होणार होता. आणि तो खरा आहे की नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

"थांबा, भावजी," ती म्हणाली. "मी ठीक हाय का नाय, मला ठाऊक नाय."

कोंडूनं तिच्याकडे बघितलं.

"दिसते ठीक. पण साडी अनितानं काढून दिलीय, नि कळशी काय, दोन कळशा उचलते. आत काय चाललंय ते नऊ वर्षं कोणी बघितलं नाय. मीबी नाय. माझ्या दिसण्यावर येसूताईला कापायला देऊ नका. आठ दिवस द्या. तपासते नि सांगते."

येसूबाईनं पहिल्यांदा चहावरून नजर उचलली.

पाहुणे गेल्यावर कोंडू तासभर ओटीवर बसून राहिला. मग आत आला. "पोरगं तिकडं सुयांवर हाय, नि तू तारखा देतेस."

"खोटं बोलू?"

"खोटं कुठं? ठीकच हाय ना तू."

"तुमाला कसं ठाऊक?" गिरजानं विचारलं, आणि हा प्रश्न आपण आजवर कधी विचारला नाही हे तिच्या ध्यानात आलं. त्या रात्री ती डाव्या कुशीवर झोपली नाही. लोकांचं ऐकून नव्हे. पहिल्यांदाच तिला स्वतःला भीती वाटली म्हणून.

सोमवारी ती एकटीच शहापूरला गेली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होती, सुनेच्या वयाची.

"काय होतंय मावशी?"

"काय नाय."

"मग का आलात?"

"अकरा वर्षांमागं किडनी दिलीय नवऱ्याला."

बाईनं पेन खाली ठेवलं. "शेवटचं कधी तपासलंत?" गिरजानं सांगितलं. बाईनं दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा बघितला, पाच मिनिटं थांबून पुन्हा भरली. वर एकशे छपन्न, खाली अठ्ठ्याण्णव. जास्त होता.

"पाणी किती पिता?"

"दोन तांबे."

"एवढंच? का?"

मग गिरजाला धरण, दरवाजे, दाब सगळं सांगावं लागलं. सांगताना तिलाच लाज वाटायला लागली. डॉक्टरीणबाई हसू आवरत ऐकत होती. "मावशी, अंगातली घाण तर तेवढीच, ती वाहून न्यायला पाणी लागतं. दरवाजा एकच उरला म्हणून नदी बारीक होते का?"

होत नाही. गिरजा भातशाच्या पाण्यावर जन्म काढलेली बाई, हे तिला कुणी सांगायला नको होतं. अकरा वर्षं उन्हातान्हात घसा कोरडा ठेवला, आणि एवढं साधं आपल्या डोक्यात आलं नाही.

"दुखण्याच्या गोळ्या वगैरे?"

"आवणीला नि कापणीला. दिवसाला एक. कधी दोन."

"किती वर्षं?"

"सगळीच."

आता बाई हसत नव्हती. तिनं रक्त आणि लघवीची चिठ्ठी लिहून दिली आणि बुधवारी बोलावलं.

बुधवारपर्यंत गिरजानं कुणाशी धड बोलणं केलं नाही. अनितानं वांग्याची भाजी केली नाही म्हणून ती तिच्यावर ओरडली, लहानी दारात दिसली तर आत निघून गेली. संध्याकाळी दिवा लावताना, मला ठीक ठेव, असं मागणं तिच्या तोंडात येईना. ठीक असले तरच पोरगं वाचणार, असं लोकांनी करून ठेवलेलं. ती एवढंच म्हणाली, जे असंल ते खरं कळू दे.

बुधवारी आकडा आला. एक पॉइंट एक.

"हे चांगलं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "राहिलेली किडनी दुसरीचंही बरंचसं काम उचलते. लघवीत किंचित प्रोटीन आहे, त्यावर लक्ष ठेवायचं. बीपीची गोळी आजपासून सुरू. दुखण्याची गोळी बंद, अगदी बंद, ती किडनी खराब करते. मीठ कमी, म्हणजे सुकी मच्छी, पापड, लोणचं हात आखडून. पाणी तहान लागेल तेवढं प्या, शेतात तर जास्तच. महिन्यानं पुन्हा या, आणि मग दर वर्षी."

"हे बीपी किडनी दिली म्हणून वाढलं?"

"तसं एका माणसाकडे बघून सांगता येत नाही. किडनी दिलेल्यांत थोडं जास्त दिसतं. या वयात दोन असलेल्यांनाही होतं. पण दोन असलेल्याला थोडं उशिरा कळलं तर खपून जातं. तुमचं लवकर सापडायला हवं होतं."

गिरजाला हायसं वाटायला हवं होतं. वाटला तो संताप. दर तीन महिन्यांनी ती मुंबईला ज्या खोलीत उभी राहायची तिथं टेबलावर हाच पट्टा होता. कोंडूच्या दंडाला बांधायचे, ती बाही वर करून द्यायची. आपला दंड पुढं करायला काय झालं होतं? तिचा राग आधी कोंडूवर गेला, मग फाइलीवर, मग गावावर, आणि शहापूरच्या स्टँडपर्यंत येताना फिरून स्वतःवर आला. तिथं तिनं बाटली विकत घेतली आणि उभ्यानं सगळी प्यायली.

घरी कोंडू वाट बघत होता. आकडा ऐकून त्यानं कपाळाला हात लावून नमस्कार केला. बीपीचं ऐकून हात खाली आला.

"जयरामला एक पॉइंट एक सांग," तो थोड्या वेळानं म्हणाला. "बीपीचं नको सांगू."

"का?"

"भित्रा हाय तो. बीपी ऐकलं की नाय म्हणंल. नि ते पोरगं..." कोंडू थांबला. त्यानं स्वतः दोन वर्षं डायलिसिस काढलं होतं. ते पोरगं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाला, "माझ्यामुळं झालं का गो हे?"

"ठाऊक नाय. डॉक्टरलाबी ठाऊक नाय. पण कोणी बघितलं नाय ते तुमच्यामुळं, नि माझ्यामुळं. नि तुमच्या त्या दरवाजामुळं." तिनं तांब्या भरून घेतला, त्याच्या देखत प्यायली आणि पुन्हा भरला.

शनिवारी ती मुरबाडला गेली. जयराम दारातच उभा होता.

"ठीक ना, वैनी?"

"सांगते. येसूताई कुठं हाय?"

"मला सांगा की. ठीक ना?"

"जिची किडनी तिला सांगणार," गिरजा म्हणाली आणि त्याला ओलांडून आत गेली.

अनिकेत कल्याणला गेला होता. त्याचा वार होता. येसूबाई चुलीपाशी नाचणीची भाकरी थापत होती, संघरत्ना बाजूला लसूण सोलत बसली होती. गिरजा भिंतीला टेकून बसली आणि सगळं सांगून टाकलं. आकडा, बीपी, प्रोटीन, गोळ्या, पाणी, कागद कसा फाइलीच्या तळाला गेला ते. येसूबाई थापायची थांबली नाही. मधेच तिनं विचारलं, "दुखतं का?"

"सहा महिने टाका वढला. थंडीत अजून कधीतरी."

"पाण्यात वाकून आवणी जमते?"

"जमते. पहिलं वर्ष केली नाय."

"कधी वाटलं, दिली नसती तर बरं झालं असतं?"

गिरजानं विचार केला. या प्रश्नाला गावात एकच उत्तर चालायचं, कुंकू वाचवलं हो, आणि ते उत्तर लोकच देऊन टाकायचे. "दिल्याचं वाईट कधी वाटलं नाय," ती म्हणाली. "मागनं माणसांचा वैताग आला. मी तुला दे सांगत नाय नि नको दे बी सांगत नाय. माझं जे हाय ते हे."

"मी तर देणारच होते गो," येसूबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "पहिल्या दिवसापासनं. इचारायचं होतं ते ह्यांना. मला एवढंच पायजे होतं की मागनं काय करायचं ते कोणीतरी सांगावं."

दारात सावली हलली. जयराम आत आलेला नव्हता, पण गेलेलाही नव्हता.

"म्हंजे बीपी झालंच ना शेवटी," तो म्हणाला. "मी बोललोच होतो. काय तरी होतंच. नको, येसू. दुसरा कोण तरी मिळंल. यादीत नाव लावू, मेलेल्या माणसाची मिळते ती."

गिरजानं डोळे मिटून घेतले. कोंडू बोलला तसंच झालं होतं. खरं सांगितलं आणि पोराचा रस्ता बंद केला.

येसूबाईनं भाकरी उलटली. "तुमाला बीपी कधीपासनं हाय?"

"मला? आठ वर्षं झाली."

"नि तुमी कोणाला काय दिलंत?"

संघरत्नाच्या हातातला लसूण ताटात पडला. ती खाली मान घालून हसत होती. जयराम आत येऊन पिंपाला टेकून खाली बसला.

"मला भ्या वाटतं गो," तो म्हणाला.

"मलाबी वाटतं," येसूबाई म्हणाली. "म्हणून पोराला तसंच ठेवायचं? यादीत नंबर कधी लागंल? सोमवारी फोन लाव, संघरत्ना. यांचं ऐकत बसू नको."

जयरामनं हो म्हटलं नाही. पण उठून गेला आणि बाहेरच्या खोलीतून एक कोरी फाइल घेऊन आला. अनिकेतच्या कागदांसाठी आणलेल्या चारांतली एक उरलेली. मांडीवर ठेवून त्यानं वर नाव लिहायला घेतलं. गिरजा वाकून बघत होती. त्यानं 'अनि' एवढं लिहिलं.

"भावजी, त्याची हाय की बाहेर ढीगभर. ही हिची."

"अगो हां." त्यानं ते खोडलं आणि शाळेतल्यासारखं सावकाश लिहिलं, येसूबाई जयराम रोकडे. मग फाइल उघडून आतल्या रिकाम्या प्लास्टिककडे बघत बसला. "ह्यात काय घालू? अजून तर काय झालंच नाय."

"काय झालं नाय तेव्हापासनंच घालायचं," गिरजा म्हणाली. "तिला तपासली ते मुंबईचे कागद कुठं हायेत?"

"ते अनिकेतच्या फाइलीत."

"काढा तिथनं. नि आजचं बीपी घ्या हिचं, ते लावा."

"आजच?" जयराम म्हणाला. "उद्या रविवार, सोमवारी फोन, मंगळवारी बघू की. आज दवाखाना चारला उघडतो."

गिरजाची एसटी साडेतीनची होती. तिच्यानंतरची थेट साडेसहाला, म्हणजे घरी पोचायला काळोख, आणि कोंडूचे दहा फोन. तिनं जयरामकडे बघितलं. त्याच्या मांडीवरच्या फाइलीकडे बघितलं. मंगळवार म्हणजे काय, हे तिला चांगलंच माहीत होतं.

"येसूताई, एक भाकरी मलाबी टाक," ती म्हणाली. "नि पाणी दे आधी. चारला आपण सगळेच जाऊ."